जेफरसनच्या मेजवान्यांचा अभ्यास करताना

प्रिय विद्यार्थिमित्रास, अनेक आशीर्वाद.

थॉमस जेफरसनच्या मेजवान्यांवरील तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचला. पदार्थ आणि मद्ये यांचे वर्णन तू मन लावून केले आहेस, आणि फ्रेंच आचारी ओनोरे ज्युलियन याचा उल्लेख त्यात हवाच. परंतु कोणाला कोणाबरोबर बोलावले आणि कोणाला कोठे बसवले, या प्रश्नांना माझ्या मते पहिले स्थान मिळायला हवे. १८०१ ते १८०९ या काळात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असताना जेफरसन काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) सदस्यांना लहान लहान गटांनी दुपारच्या जेवणाला बोलावत असे, आणि विरोधी फेडरलिस्ट व स्वतःच्या (तेव्हाच्या) रिपब्लिकन पक्षांच्या मंडळींना बहुधा वेगवेगळ्या दिवशी. १८०४ पासूनच्या पाहुण्यांची त्याने स्वतः ठेवलेली नोंद तू परिशिष्टात टाकली आहेस. ती प्रबंधाच्या मध्यभागी आण, आणि त्या त्या आठवड्यात काँग्रेससमोर कोणता प्रश्न होता हे शेजारी मांडून वाच.

२ डिसेंबर १८०३ च्या मेजवानीला मात्र स्वतंत्र प्रकरण दे. ब्रिटिश राजदूत अँथनी मेरी याच्या सन्मानार्थ आपण बोलावले गेलो आहोत अशा समजुतीने मेरी दांपत्य तेथे गेले. ब्रिटनशी युद्ध चालू असलेल्या फ्रान्सचा प्रतिनिधी पिशों हाही तेथे होता, आणि जेवणाकडे जाताना विधुर जेफरसनने श्रीमती मेरी यांना डावलून परराष्ट्रमंत्र्याची पत्नी डॉली मॅडिसन हिला हात दिला. जागा ठरवून दिलेल्या नव्हत्या, त्यामुळे खुद्द राजदूताला खुर्चीसाठी धडपडावे लागले. हा निव्वळ उद्धटपणा होता असे मी मानत नाही. मानपानाचा क्रम प्रजासत्ताकात चालणार नाही, हे जेफरसनला दरबारी लोकांना दाखवायचे होते, आणि पुढे त्याने तसे नियमही लिहून काढले.

तरीही या समतेचे कौतुक लिहिताना सावध राहा. जेवणाच्या खोलीत फिरत्या मांडण्या ठेवून नोकरांना दूर ठेवले जाई, म्हणजे बोलणे बाहेर जाऊ नये. आणि ज्युलियनच्या हाताखाली स्वयंपाक शिकलेली ईडिथ फॉसेट ही जेफरसनची गुलाम होती. पुढे तीच माँटिचेलो या जेफरसनच्या व्हर्जिनियातील घरची मुख्य स्वयंपाकीण झाली, आणि जेफरसनच्या मृत्यूनंतर जानेवारी १८२७ च्या लिलावात तिची विक्री झाली. तिला तळटीपेत ठेवू नकोस.

जून १७९० मधील न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध भोजनाविषयी एक सूचना. अर्थमंत्री हॅमिल्टन आणि काँग्रेस-सदस्य मॅडिसन यांनी, केंद्राने राज्यांची कर्जे उचलावीत आणि त्याबदल्यात राजधानी दक्षिणेकडे व्हावी, असा सौदा जेफरसनच्या घरी एका मेजावर केला, ही हकीकत मुख्यतः जेफरसनने नंतर लिहिलेल्या टिपणांवर उभी आहे, आणि तडजोडीची बोलणी इतरत्रही चालू होती. म्हणून तो निर्णय त्या एका रात्रीत झाला असे विधान करू नकोस. यजमानाचे कथन म्हणून ते उद्धृत कर आणि काँग्रेसमधील मतदानाच्या नोंदींशी ताडून पाहा.