एक्सेलमध्ये शून्य का येत नाही?

प्रश्न : २चा ३१वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ आहे असं वाचलं. लुकास-लेहमर कसोटी (पायरीपायरीने वर्ग करून बाकी काढत जायची, शेवटी शून्य आलं तर अशी संख्या मूळ) एक्सेलमध्ये लावली, पण शेवटी शून्य येत नाही. चूक कुठे?
– एक शिक्षिका, देवळाली कॅम्प, नाशिक

उत्तर : रीत बरोबर आहे, साधन अपुरं पडतंय. एक्सेल १५च अंक अचूक धरतं. इथे दहा अंकी संख्येचा वर्ग १९ अंकांपर्यंत जातो, शेवटचे अंक हरवतात आणि बाकी चुकते. एकदा चुकली की पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया. १९व्या घातापर्यंत एक्सेल चालेल. ३१साठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या, त्यात पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक राहतो.

मुलांकडून आधी १२७ (सातवा घात वजा १) हातानेच करून घ्या. ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, १२७ने भागून बाकी : १४, ६७, ४२, १११, ०. पायऱ्या घातापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच. शेवटी शून्य, म्हणून मूळ. ३१साठी २९ पायऱ्या लागतील. बहुतेकांची गडबड हे मोजण्यातच होते.

घात स्वतः मूळ असणं पुरेसं नाही, हेही दाखवा : ११व्या घाताला २०४७ येते, ती २३ × ८९.

गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ३१ची बाब भागाकारानेच सिद्ध केली. वर्गमूळापर्यंतचे, म्हणजे ४६,३४० पर्यंतचे, सगळे मूळ भाजक तपासायची गरज नव्हती. २४८ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणारेच पुरतात. फार सुंदर युक्ती आहे ही.