विमानतळाच्या आड आलेलं गाव

प्रश्न : सरकारने जमीन घ्यायचं ठरवल्यावर शेतकरी कसे लढतात, हे दाखवणारा खरा जवळून टिपलेला माहितीपट सुचवाल का? बातम्यांत नुसती दगडफेक दिसते.

उत्तर : एक नाही, अख्खी मालिका सुचवते. जपानच्या चिबा प्रांतातलं सान्रिझुका. 1966 साली सरकारने तिथे नवा विमानतळ, म्हणजे आजचा नारिता, करायचं जाहीर केलं आणि ज्यांची शेतं जाणार त्यांना विचारलंसुद्धा नाही. दिग्दर्शक शिन्सुके ओगावा आपल्या चमूसह तिथे मुक्कामालाच गेले आणि 1968 पासून एकामागून एक माहितीपट करत राहिले.

मला सगळ्यात भिडला तो 1971 चा. बायका स्वतःला साखळदंडांनी बांधून घेतात, समोर ढाली घेतलेले पोलीस. पण खरी ताकद पुढे आहे. शेतकऱ्यांनी जमिनीखाली भुयारं खणलीत आणि त्यांत हवा कशी खेळवली ते एक जण शांतपणे समजावून सांगतो. कॅमेरा घाई करत नाही. विहीर खणणाऱ्या माणसाची हुशारी लढ्यात कशी उतरते, हे मी दुसरीकडे कुठे इतकं स्पष्ट पाहिलेलं नाही.

विमानतळ 1978 साली सुरू झालाच. तरी काही जणांनी जमीन सोडली नाही, धावपट्टीच्या आखणीत त्यांची शेतं आड येत राहिली.

1973 चा ‘हेता’ गावावरचा माहितीपट मात्र नंतर पाहा. त्यात म्हातारी माणसं निवांत बोलत बसतात. आधीचा संघर्ष ठाऊक असेल तरच त्या बोलण्याचं वजन कळतं.