रेघ कुठे बदलते?

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र वाचल्यापासून अस्वस्थ आहे. रोमन कवी ऑव्हिडच्या रूपांतरकथांवरची सगळी मुद्राचित्रं, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, तुला एकसारखी दिसायला लागली, म्हणून आता तू प्रतीकांच्या कोशात शिरणार म्हणतेस. नको शिरूस. लांडगा म्हणजे क्रौर्य, हे कोश न उघडताही कळतं. रेघ कुठे बदलते ते शोध.

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या चित्रकार गोल्टझिउसच्या मालिकेतला लायकाओन समोर घे. बरोकच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या नाट्यमय युरोपीय शैलीच्या, उंबरठ्यावरचं, 1589चं काम. देवराज ज्युपिटरच्या पानात माणसाचं मांस वाढणारा हा राजा, त्याच्या शापाने लांडगा होत, पळतोय. धड माणसाचं, डोकं लांडग्याचं. रेखाटन गोल्टझिउसचं, कोरणारे हात त्याच्या कार्यशाळेतले. त्यांच्याजवळ रंग नव्हता. कातडी असो की केस, सगळी तांब्यात बुरिनने, म्हणजे टोकदार पोलादी कोरणीने, ढकलत नेलेली रेघ. दाब वाढला की जाड, सोडला की निमुळती. मग माणूस संपतो कुठे? मानेपाशी. भिंग घे. स्नायूला वळसा घालणाऱ्या रेघा कुठे थांबतात आणि केसांच्या कुठून सुरू होतात, ते बघ. शाप तिथे लागतो. कथा तुला तोंडपाठ आहे, ती जागा मात्र तू पाहिलेलीच नाहीस!

इटालियन चित्रकार टेम्पेस्टाची 150 एचिंग्ज (अँटवर्प, 1606) नुसती चाळ. थांबायचं ते इटलीतल्या जिनोआच्या चित्रकार कास्तिल्योनेपाशी. 1650च्या सुमाराची त्याची सर्सी बघ: ती जादूगारीण, भोवती जनावरं झालेले ग्रीक वीर युलिसिसचे सोबती, जमिनीवर रिकामी चिलखतं. रूपांतर होऊन गेलंय. एचिंगमध्ये सुई पत्र्यावरच्या मेणाच्या थरावर मोकळी फिरते, उघडी पडलेली रेघ मग ॲसिड खातं, आणि त्याच एका भुरभुरत्या रेघेतून केस, गवत, पडके दगड, बाईचं वस्त्र, सगळं निघतं. इथे रेघ जवळजवळ बदलतच नाही. माणूस आणि पशू यांच्यात त्याने कुंपणच ठेवलं नाही! हे कुठल्या कोशात सापडणार होतं तुला?

हा तंत्रात अडकलेला माणूस, असं माझ्याबद्दल बोललं गेलं. बोलोत. अर्थ ॲसिडने खाल्लेल्या खाचेतच असतो, असं मी मानत आलो, वर्गात तेच शिकवलं, आणि आजही तेच शिकवेन. कास्तिल्योनेवर सविस्तर लिहायचं राहिलं, याची खंत आहे. ते तू लिहावंस असं वाटतं, म्हणून एवढा चिडतो.

आता प्रकरण नव्याने लिहून पाठव. लायकाओनच्या मानेवर निदान दोन पानं हवीत. आणि पुस्तकातल्या फोटोवरून पाहू नकोस, छपाईच्या ठिपक्यांत रेघ मरते. मूळ ठसा बघायला मिळत नसेल, तर संग्रहालयाच्या साइटवरची मोठी प्रतिमा उघड.