अफगाण बायकांना हक्क होतेच कधी?

प्रश्न : ताई, मी पुण्यात एम.ए. करतेय. होस्टेलला शेजारच्या रूममधे एक अफगाण मुलगी आहे, कोर्स संपत आलाय आणि घरी कधी जाणार विचारलं की ती एकदम गप्प होते. हे घरी बोलले तर दादा म्हणाला, त्यांच्यात बायकांना हक्क होतेच कधी, ती त्यांची संस्कृतीच आहे, युद्धाचा काय संबंध? मला काही बोलताच आलं नाही. खरंच तसं आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही गं, अजिबात नाही, आणि दादाला नीट बसवून सांग. राजा अमानुल्लाच्या राणी सोरायाने काबूलमधे मुलींची शाळा काढली १९२१ साली. १९६४ ला नवी राज्यघटना आली आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत चार बायका संसदेत निवडून गेल्या. हे सगळं तिथलंच आहे, तिथल्याच माणसांनी केलेलं, मग संस्कृती नक्की कोणती म्हणायची?

पण प्रत्येक वेळी गादी हलली की पहिला घाव बायकांवर. १९२९ मधे बंड झालं, राजा अमानुल्लाला पळावं लागलं, लगेच मुलींच्या शाळा बंद. १९९२ नंतर मुजाहिदीनांचे, म्हणजे आधी सोव्हिएत फौजांशी लढलेल्या बंडखोरांचे, गट काबूलसाठी आपसातच लढत होते, रॉकेट पडत होती, बायका पळवल्या जात होत्या, बलात्कार होत होते, त्यामुळे तालिबानची शाळाबंदी यायच्या आधीच कितीतरी आईबापांनी भीतीने पोरींना घरात ठेवलं. युद्ध असंच घरात शिरतं बघ, वरून हुकूम यायचीसुद्धा गरज पडत नाही. आणि १९९६ ला तालिबान आले तेव्हा काही लोकांना हायसं वाटलं ते याच भीतीमुळे.

२००१ ला अमेरिकेच्या हल्ल्यात तालिबानची सत्ता गेली, त्यानंतर पुन्हा शाळा, कॉलेजं, नोकऱ्या सुरू झाल्या, संसदेच्या २४९ पैकी ६८ जागा बायकांसाठी राखीव होत्या. पण बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा २००९ चा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने आला होता, संसदेने तो कधी मंजूर केलाच नाही, २०१३ मधे चर्चेला आला तर असा गोंधळ झाला की चर्चाच थांबवावी लागली. आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा कराराचा. अमेरिकेचं सैन्य परत नेण्यासाठी अमेरिका आणि तालिबान यांच्यात झालेला, अफगाण सरकार त्यात नाहीच, आणि अख्ख्या करारात बायकांच्या हक्कांबद्दल एक शब्द नाही! ज्यांचं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं त्यांना कोणी विचारलंच नाही.

पुढचं तुला माहितीच असेल, ऑगस्ट २०२१ ला तालिबान परत आले आणि मुलींची शाळा सहावीपर्यंतच राहिली. २३ मार्च २०२२ ला मोठ्या मुलींच्या शाळा उघडणार असं जाहीर झालं, मुली दप्तरं घेऊन वर्गात जाऊन बसल्या आणि काही तासांतच त्यांना घरी जा म्हणून सांगितलं, कित्येकजणी रडत रडत बाहेर आल्या. त्याच डिसेंबरमधे युनिव्हर्सिटीही बंद. तरी घराघरांत लपूनछपून वर्ग चालतात, ही जर त्यांची संस्कृतीच असती तर एवढा धोका पत्करून पोरींना शिकवलं कोणी असतं?

तुझ्या शेजारणीला खोदून खोदून विचारू नकोस. ती एम.ए. होऊन परत गेली तरी तिथे कॉलेजात शिकवू शकणार नाही, आणि ७२ किलोमीटरपेक्षा लांब जायचं तर घरातला पुरुष सोबत लागतो. अशा मुलींचे व्हिसा आपल्या सरकारने वाढवून द्यायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : तालिबान आल्यावर निदान लढाई तरी थांबली ना? मग बायका आता जास्त सुरक्षित नाहीत का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : काका, लढाई बरीच थांबली हे खरंय, ज्या गावांत रात्री-अपरात्री छापे पडायचे तिथल्या बायकांना त्यातून सुटका मिळाली, हे नाकारून चालणार नाही. पण चाळीसेक वर्षांच्या युद्धाने या देशात विधवा किती केल्यात! काबूलच्या कडेला एका खडकाळ टेकडीवर झनाबाद म्हणून वस्ती आहे, विधवांनीच वसवलेली, पोलीस पाडायला येतात म्हणून रात्री मातीच्या भिंती उभारायच्या असं करत त्यांनी घरं बांधली. आता अशा बाईने सोबत न्यायला पुरुष आणायचा कुठून? डिसेंबर २०२२ पासून तर एनजीओमधली नोकरीही बंद, मग घर चालवायचं कशावर?

आणि डिसेंबर २०२४ ला नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही मुलींना बंद केलं. बऱ्याच ठिकाणी बाईला बाईनेच तपासायचं असा दंडक, आणि नव्या बायका शिकणार नाहीत, तर दहा वर्षांनी बाळंतपणं करणार कोण? बंदूक न चालवता जीव जातो तो असा.

जुलै २०२५ मधे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर याच छळासाठी अटक वॉरंट काढलं, पण त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी रशियाने तालिबान सरकारला मान्यताही देऊन टाकली होती. ऑक्टोबरात तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, पहिल्या पत्रकार परिषदेला एकाही महिला पत्रकाराला बोलावलं नाही. आपल्याकडच्या बायका गप्प बसल्या नाहीत, मग दोन दिवसांनी दुसरी परिषद घ्यावी लागली आणि त्या पुढच्या रांगेत बसल्या. शेजारी म्हणून संबंध ठेवायचे तर ठेवा, पण बोलणी होतील तिथे मुलींच्या शाळेचा विषय निघालाच पाहिजे, आणि तोही पहिल्याच बैठकीत.