उसात अडणारा सिग्नल आणि भराभर उतरणारी बॅटरी

हातकणंगले तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न: "अडसाली लागणीत ओलाव्याचे सहा लोरा सेन्सर बसवले. सुरुवातीचे महिने बिनचूक चालले. आता ऊस डोक्यावर गेलाय, निम्म्या नोंदी मोबाइलवर येत नाहीत, बॅटऱ्याही भराभर उतरतात. मोठ्या बॅटऱ्या घेऊ का?"

घेऊ नका, दादा. तुमच्या तक्रारी दोन दिसतात, पण दुखणं एकच आहे. लोरा म्हणजे थोड्या विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारी रेडिओची पद्धत. उसाच्या हिरव्या पाल्यात पाणी असतं आणि ते रेडिओलहरी शोषून घेतं. सिग्नल क्षीण झाला की बरीच यंत्रं आपोआप संथ गतीवर जातात, म्हणजे तोच निरोप जास्त वेळ घेऊन पाठवतात. लोरामध्ये या गतीला ७ ते १२ असे आकडे आहेत. ७ वरून १२ वर गेलं की निरोपाला सुमारे वीसपट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बॅटरी जळत राहते. एरवी हे यंत्र झोपलेलं असतं, तेव्हा त्याला वीज नगण्य लागते. म्हणजे तुमची बॅटरी उसानं खाल्ली!

यावर उपाय उंचीचा. सेन्सर मुळाशीच राहू द्या, पण रेडिओची पेटी पंधरा फुटी जीआय पाइपच्या टोकाला न्या. पेटी खाली आणि अँटेना लांब वायरीनं वर, असं करू नका. त्या वायरीतच सिग्नल मरतो. सेन्सरची वायर लांबली तर मात्र फारसं बिघडत नाही (किती लांब चालते ते विक्रेत्याला विचारून घ्या). अँटेना उभी ठेवा, जोडावर रबरी टेप गुंडाळा. आपल्याकडच्या पावसात पहिलं पाणी शिरतं ते तिथंच. पाइप बुडाशी बिजागरीचा घ्या, म्हणजे बॅटरी बदलायला आडवा करता येतो.

दुसरं, नोंद दर पाच मिनिटांनी पाठवायची गरज नाही. काळ्या जमिनीत वाफसा काही मिनिटांत बदलत नाही. तासाला एक नोंद ठेवली तर दिवसाला २८८ निरोपांऐवजी २४ जातात. प्रत्येक निरोपाची पोच मागणंही बंद करा. एखादी नोंद चुकली तरी पुढची तासाभरात येतेच.

गेटवे, म्हणजे सेन्सरचे निरोप घेऊन इंटरनेटवर पाठवणारी पेटी, मोटरीच्या शेडमध्ये असेल तर हलवा. शेतीची वीज ठरावीक तासच असते. ती गेली की गेटवे बंद आणि सगळे सेन्सर मुके. घराच्या गच्चीवर, छोट्या सोलर पॅनेलसह बॅटरीवर तो चालवा. सेन्सर ऑनलाइन मागवताना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचाच बघा. तो पट्टा आपल्याकडे परवानामुक्त आहे. परदेशी पट्ट्याचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

पन्हाळ्याकडून विचारणा आहे की सिमवालं यंत्र बरं की लोरा? एकच सेन्सर असेल आणि शेतात रेंज पक्की असेल तर सिम चालेल. चार-पाच तुकडे असतील तर लोरा घ्या, सिम फक्त गेटवेला. पण गेटवे आणि शेत यांच्यामध्ये टेकडी नको.

शिरोळमधल्या एका ताईंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला: "ठिबकचा व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडला आणि नंतर रेंज गेली तर?" ताई, बंद करण्याचा निरोप येईल या भरवशावर व्हॉल्व्ह कधीच सोडू नका. उघडतानाच वेळ द्या, समजा चाळीस मिनिटं, आणि वेळ संपल्यावर व्हॉल्व्ह स्वतःहून बंद होईल असं बसवणाऱ्याकडून करून घ्या. नंतर गेटवे बंद करून तुमच्यासमोर चाचणी घ्यायला लावा. बॅटरीवर चालवायचा तर लॅचिंग व्हॉल्व्हच घ्या. त्याला उघडताना आणि मिटताना क्षणभरच वीज लागते. साधा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकावर चालणारा) व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत वीज ओढत राहतो. तुमची जमीन नदीकाठची असेल तर पेटी चटकन सोडवता येईल अशी बसवा, आणि पुराचा इशारा आला की घरी आणा.