कचऱ्याचा डोंगर अजून चढवायचा?

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधाला लागून कचरा डेपो आहे. नवी जागा मिळत नाही म्हणून त्याचीच उंची वाढवणार, असं ऐकतो. ढासळणार तर नाही ना? – एक शेतकरी, जळगाव जिल्हा

उत्तर : भाऊ, उंचीआधी पायाचं विचारा. आपली काळी जमीन कपाशीला सोनं, पण ओली झाली की भार पेलायला कच्ची. पायथ्याशी बोअर घेऊन मातीची ताकद तपासली का? त्याहून मोठा घोर पाण्याचा. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी आत तुंबलं की दाब वाढतो आणि कचऱ्याची पकड सुटते. दिल्लीत गाझीपूरचा ढीग १ सप्टेंबर २०१७ ला, भर पावसाळ्यातच कोसळला.

उंची वाढवण्यासाठी ढिगाच्या मजबुतीचा जो अहवाल करतात, त्यात ‘सुरक्षा गुणांक’ बघा : धरून ठेवणारं बळ भागिले घसरवणारं बळ. कायमच्या उतारासाठी तो साधारण १.५ लागतो. आकडा कोरड्या ढिगाचा असेल (बहुधा तोच पुढे करतात!) तर आत पाणी धरून पुन्हा काढायला लावा. तळाला प्लास्टिकचं अस्तर असेल तर तिथली घसरण वेगळी तपासावी लागते. कॅलिफोर्नियात केटलमन हिल्सचा ढीग १९८८ मध्ये अस्तरावरूनच सरकला.

माथ्यावर नवी भेग किंवा बांधाकडे फुगवटा दिसला, तर तारखेसह फोटो काढून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.