दसरा-दिवाळीच्या सीझनमध्ये नागपुरात प्रॉपर्टी एजंटचं काम नेमकं कसं चालतं?

तुमचा प्रश्न असा की पुतण्याला नागपुरात प्रॉपर्टीच्या कामात शिरायचं आहे, दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरुवात केली तर चालेल का, आणि सणासुदीत या लोकांना घरी बसायला मिळतं की नाही. मी याच धंद्यात आहे. दसऱ्याला सुरुवात केली तर सीझन हातून गेलेलाच असतो. त्या दिवशी दिसतात ते पेढे आणि चावीचा फोटो. व्यवहार ठरलेला असतो पितृपक्षात, आणि पुरा होतो तो पुढे बँका आणि रजिस्ट्री ऑफिसच्या सुट्ट्यांमधून वाट काढत.

हा सीझन तिथीने मोजा. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दीड महिना. त्यातले पहिले पंधरा दिवस पितृपक्षाचे, कोणी बयाना (विसार) देत नाही. म्हणून नवीन एजंट फोन बाजूला ठेवून बसतो, आणि इथेच फसतो. पितृपक्षात पैसे द्यायला लोक नको म्हणतात, घर बघायला नाही. उलट सासू-सासरे, मेहुणे सगळे मोकळे असतात आणि विकणाराही गिऱ्हाईक नाही म्हणून जरा नरमलेला असतो. भावाची खरी घासाघीस याच दिवसांत होते. बोलणं पक्कं करायचं, कागद गोळा करायचे, फक्त पैसे घटस्थापनेनंतर घ्यायचे.

कागद म्हणजे काय, तर नागपुरात प्लॉट म्हटला की पहिला प्रश्न "आरएल आहे का?" २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेल्या लेआउटमधल्या प्लॉटचं हे नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आरएल. शहरात नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) अशी हजारो पत्रं दिलेली आहेत. पत्र आहे एवढ्यावर थांबू नका. पत्रातला खसरा क्रमांक, मौजा, प्लॉट नंबर आणि क्षेत्रफळ विक्रीपत्राशी ओळीने जुळवून बघा. सोसायटीच्या जुन्या नकाशातला प्लॉट नंबर आणि मंजूर नकाशातला नंबर वेगळा निघणं नेहमीचं आहे. क्षेत्रफळही घटतं: विक्रीपत्रात १५०० चौरस फूट, पत्रात १३५०, कारण १५० फूट रस्त्यात गेले. बँक १३५० वरच कर्ज देणार, मालक मात्र भाव १५०० चा सांगतो. हे बयान्याच्या दिवशी कळलं तर सौदा तिथेच मोडतो. डिमांड (नियमितीकरणासाठी मागितलेली रक्कम) भरल्याची पावती म्हणजे आरएल नव्हे, तरीही ती कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आरएल म्हणून दाखवणारे भेटतात. नासुप्रच्या लीजवरचा प्लॉट असेल तर हस्तांतरणाची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर. लीजचं नूतनीकरण राहिलं असेल तर त्या दिवाळीत रजिस्ट्री होईल असं कुणाला सांगू नका.

जुन्या फ्लॅटमध्ये मालकाचं कर्ज चालू आहे का हे पहिल्याच भेटीत विचारायचं. कर्ज पूर्ण फेडल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे मालकाने दसऱ्याला कर्ज बंद केलं तरी कागद दिवाळीनंतर येऊ शकतात. असा फ्लॅट वाईट नसतो, फक्त "पाडव्याला गृहप्रवेश" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दाखवू नये.

आता साइट दाखवण्याचं. बेसा, बेलतरोडी, जामठा, उमरेड रोड या पट्ट्यात पावसाळा संपता संपता प्लॉटवर गाजरगवत कमरेइतकं वाढलेलं असतं. खुणांचे दगड त्यात दिसत नाहीत, काळ्या मातीत ते खचतात, कधी शेजारच्याने बांधकामाच्या वेळी हलवलेले असतात. गिऱ्हाईक येण्याच्या दोन दिवस आधी गवत कापून घ्या आणि टेप घेऊन स्वतः मोजा. ३० बाय ५० चा प्लॉट असेल तर चारही बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्णही मोजायचे: ते साधारण ५८ फूट ४ इंच भरले पाहिजेत. एक कर्ण ५७ आणि दुसरा ६० भरत असेल तर प्लॉट तिरका आहे. वास्तू बघणारं घर अशा प्लॉटला उभ्या उभ्या नकार देतं. मोजताना सुरुवात प्लॉटच्या दगडापासून करू नका, लेआउटच्या रस्त्याच्या कोपऱ्यापासून करा, कारण एक दगड सरकला की सगळी ओळ सरकते. दगडांना चुना लावून ठेवा. गिऱ्हाइकाला फाटकातून आत शिरताच चार पांढरे ठिपके दिसले की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. सप्टेंबरअखेर प्लॉटवर पाणी साचलेलं असेल तर ते लपवू नका. तेच गिऱ्हाईक पुढच्या जुलैत पुन्हा फोन करणार आहे.

वेळेचंही भान ठेवावं लागतं. ऑक्टोबरअखेर नागपुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बाहेरच्या लेआउटमध्ये दिवे नसतात, त्यामुळे शेवटची व्हिजिट चारची. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बारा ते तीन वयस्कर मंडळींना रिकाम्या प्लॉटवर उभं करू नये. ते तास रेडी फ्लॅटसाठी ठेवा. नवरात्रात कोराडी रोडवर देवीच्या दर्शनाची गर्दी असते, तिकडच्या व्हिजिट सकाळी नऊच्या आत आटपा. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. आदल्या दिवसापासूनच रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगरच्या बाजूचे रस्ते वाहनांना बंद होतात किंवा वळवले जातात. वर्धा रोडच्या साइटला धरमपेठेतून माणसं न्यायची असतील तर वाहतूक पोलिसांची त्या वर्षीची सूचना आधी वाचा आणि रिंग रोडने फिरून जायचा वेळ धरा. मुहूर्त दुपारचा असेल तर हे फारच महत्त्वाचं.

दसऱ्याला सरकारी सुट्टी, रजिस्ट्री होत नाही. त्या दिवशी घ्यायचं ते टोकन. यूपीआयवर नेहमीच्या व्यवहाराला दिवसाला १ लाखाची मर्यादा असते, आणि नवीन खातं जोडल्यावर बँक पहिले काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाही. म्हणून घेणाऱ्याच्या मोबाइलमध्ये विकणाऱ्याचं खातं नवमीलाच जोडून १ रुपया पाठवून बघायला लावा. विजय मुहूर्तावर सगळं घर मोबाइलभोवती जमलेलं आणि स्क्रीनवर "ट्रान्झॅक्शन फेल्ड" आलं, तर लोक त्याला अपशकुन समजतात, आणि मग कितीही समजावलं तरी मनातली पाल चुकचुकत राहते. एनईएफटी आणि आरटीजीएस आता सुट्टीच्या दिवशीही चालतात, हा पर्याय तयार ठेवा. बिल्डरचा फ्लॅट असेल तर पैसे महारेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदवलेल्या प्रकल्पाच्या खात्यातच. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगा. टोकनची पावती साधी असली तरी चालेल, पण त्यात फ्लॅट किंवा प्लॉटचा पूर्ण तपशील, ठरलेली एकूण किंमत, उरलेले पैसे कोणत्या तारखेला, आणि कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत की जप्त, हे चार मुद्दे हवेतच. चौथा मुद्दा सणाच्या आनंदात कोणी काढत नाही, आणि नोव्हेंबरातली सगळी भांडणं त्यावरूनच होतात.

दसऱ्यानंतर धनत्रयोदशीपर्यंत मध्ये साधारण सोळा-सतरा दिवस. शनिवार-रविवार वजा केले की कामाचे बाराच्या आसपास उरतात. घर-कर्जाची सरळ फाइलसुद्धा सात ते दहा कामाचे दिवस खाते, आणि बँकेचा पॅनलवरचा वकील किंवा व्हॅल्युअर गावी गेला तर फाइल तिथेच झोपते. म्हणून पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट देऊन तत्त्वतः मंजुरी पितृपक्षातच काढायला लावायची. सोबत खिशातल्या पैशाचा हिशेब कागदावर मांडून द्या. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेला ६० लाखांचा फ्लॅट घ्या: ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख. १२ लाख स्वतःचे. त्यावर मूळ ५ टक्के स्टॅम्प ड्यूटीचे ३ लाख, स्थानिक अधिभार वेगळा, आणि रजिस्ट्रीची फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. ही रक्कम कर्जात बसत नाही. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सूट, म्हणजे इथे सरळ ६० हजार. किंमत ५० लाख किंवा वर असल्याने घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर) कापून भरायचा असतो, तोही विकणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर रजिस्ट्रीच्या टेबलावर "माझे साठ हजार कमी का?" सुरू होतं.

रजिस्ट्रीसाठी धनत्रयोदशीच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. डेटा एन्ट्री ऑनलाइन आधीच भरून ठेवा, वेळ सकाळची घ्या. दुपारनंतर सर्व्हर रडतो. ई-चलन काढताना घेणाऱ्याचं नाव पॅनप्रमाणे आणि मालमत्तेचा तपशील दस्तातल्यासारखाच असला पाहिजे. चूक झाली तर परतावा मिळतो, पण सावकाश, आणि तोवर दुसरं चलन खिशातून. दोन साक्षीदार मूळ ओळखपत्रासह हवेत, आणि ते सणाला गावी जाणारे नसावेत, म्हणून तिसरा हाताशी ठेवा. वयस्कर माणसांचे बोटांचे ठसे मशीन पटकन घेत नाही. ओला रुमाल जवळ ठेवा, बोट पुसून थोडं दाबून ठेवलं की बहुतेकदा चालतं.

दिवाळीत आणखी एक वेगळं काम अंगावर येतं. पुण्याची, बंगलोरची, परदेशातली मुलं घरी येतात आणि वडिलांचं जुनं घर विकायचं की नाही हे लक्ष्मीपूजन ते भाऊबीज या दिवसांतच ठरतं. भाऊबीजेला बहिणीही माहेरी असतात. आखीव पत्रिकेवर (शहरातल्या जागेच्या मालकीचा उतारा) किंवा सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या लागतात, बहिणींच्याही. लोक हे विसरतात किंवा विसरल्यासारखं करतात. पाडव्याला ऑफिस बंद, भाऊबीजेनंतर सगळे परत, म्हणून जाण्याआधी नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवायला सांगा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प करावं लागतं. विकणारा अनिवासी असेल तर १ टक्का टीडीएसचा नियम लागू होत नाही, कापायची रक्कम बरीच मोठी असते. तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नका.

ऑफरबद्दल थोडक्यात. ओसी मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी मुळात लागतच नाही, त्यामुळे तिथे "जीएसटी फ्री" ही सूट नव्हे. "स्टॅम्प ड्यूटी फ्री" असेल तर तेवढी रक्कम दरात चढली आहे का ते मागच्या महिन्याच्या रेट शीटशी ताडून बघा. सोन्याचं नाणं, मॉड्युलर किचन जे काही असेल ते बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या. सेल्सवाला पोरगा जानेवारीत दुसरीकडे लागलेला असतो.

पुतण्याच्या कमाईचं सांगतो. बिल्डर दलाली देतो ती करारनामा नोंदवून गिऱ्हाइकाचे १० ते २० टक्के पैसे आल्यावर, तीही टीडीएस कापून. दसऱ्याच्या बुकिंगचे पैसे डिसेंबर-जानेवारीत येतात. पेट्रोल, पोर्टलची जाहिरात, मिठाईचे डबे हा खर्च मात्र आज. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय त्याने नोकरी सोडू नये. आणि नोंदणी झालेल्या प्रकल्पात काम करायचं असेल तर महारेराची एजंट नोंदणी आधी. त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नोंदणी पाच वर्षं चालते. नोंदणीशिवाय विकलं तर दंड दिवसाला १० हजार, प्रकल्पातल्या त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. व्हॉट्सअॅपवर बिल्डरचं पोस्टर पुढे ढकलण्याआधी त्यावर महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड आहे ना ते बघावं.

सुट्टीचं म्हणाल तर लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आणि पाडव्याची सकाळ त्याची. नरकचतुर्दशीलाही अभ्यंगस्नान आटोपताच फोन वाजतो, "आम्ही सगळे घरी आहोत, अकराला या". या वर्षी दसरा गाठायचाच असेल तर एखाद्या नोंदणीकृत एजंटच्या हाताखाली त्याला पितृपक्षापासून कागद जुळवायला आणि प्लॉट मोजायला पाठवा. स्वतःचं बुकिंग पुढच्या गुढीपाडव्याला.